फुकटचं आकाश

वहिनींचा विषय कॉलेजात टिकला तर पावइंचाला माळा मिळणार होता. बाकी कवितेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तो भर सभागृहात घाम गाळत उभा दिसेल, तेव्हा वाचणाऱ्याला उगाच भरून यायचं.

पावइंच म्हणजे चित्रांना चौकटी करून देणारा. भिंतीवर काहीही टांगलं, की दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून तो म्हणायचा, "पाव इंच डावीकडे." टांगणारा तो स्वतःच असला तरी म्हणायचा, आणि मग पुढे होऊन स्वतःचंच ऐकायचा. खाली त्याचं दुकान, वर दोघा भावांचं घर आणि त्यावर माळा. माळा थोरल्याच्या वाटणीचा, आणि चक्क रिकामा. उलट पावइंचाच्या चौकटींच्या लाकडी पट्ट्या माणसापेक्षा लांब. दुकानात त्या मावायच्या नाहीत, म्हणून वरच्या मजल्यावर पलंगाखाली राहायच्या आणि तिथूनही हातभर बाहेर डोकावायच्या. त्याच्या बायकोच्या, म्हणजे घरातल्या धाकटीच्या, पायाचा अंगठा रोज सकाळी त्यांतल्या एखादीला भेटून यायचा.

"अहो, या घरात एक तर पट्ट्या राहतील, नाहीतर मी," ती अंगठा धरून म्हणायची.

"वहिनींना विचारलंय ना माळ्याचं," तो म्हणायचा.

विचारलं होतं, हे खरं. पण माळा रिकामा ठेवण्यामागे वहिनींचंही एक गणित होतं. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, कॉलेजात साहित्य शिकवायच्या. तिथे त्यांना एक खिडकीवाली खोली होती आणि तिच्या तीन भिंतींना त्यांची पुस्तकं छतापर्यंत टेकलेली होती. वहिनींच्या विषयाला मुलं मिळेनात. विषय बंद झाला की खोली जाणार आणि पुस्तकं घरी येणार, ती माळ्यावर.

"यंदा विषय टिकला तर माळा तुमचा, भाऊजी," वहिनींनी शब्द दिला होता. "नाही टिकला, तर तुमच्या पट्ट्यांना पलंगाखालीच सुखी राहायला सांगा."

त्या दिवसापासून पावइंच कवितेचा हितचिंतक झाला.

त्या खोलीवर आणखी एकाचा डोळा होता. हिशेबाचे सर जिन्याखालच्या खोलीत शिकवायचे. वरून मुलांचा लोंढा उतरला की त्यांची फळ्यावरची बेरीज चुकायची. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. माणूस वाईट नव्हता. अधूनमधून वहिनींच्या खोलीत यायचा, खिडकीपाशी उभा राहायचा आणि सहज म्हणून विचारायचा, "मॅडम, हे पडदे तुमचे, का कॉलेजचे?"

"माझे आहेत."

"नाही, आपलं माहीत असावं म्हणून."

वहिनींचा विषय होता स्वच्छंदतावाद, म्हणजे इंग्रजीतलं रोमँटिसिझम. सगळं दुखणं त्या नावातच होतं. गेल्या वर्षी एका मुलीने पेपरात लिहिलं होतं, 'स्वच्छंदतावाद म्हणजे स्वच्छ छंद जोपासावेत असा आग्रह धरणारा वाद.' दुसऱ्या एकाने जास्त डोकं चालवलं होतं. 'स्वच्छ छंदात लिहिलेली, घरच्यांसमोर मोठ्याने वाचता येईल अशी कविता.' वहिनींनी जेवताना ही उत्तरं वाचून दाखवली, तेव्हा थोरल्याला हसून हसून ठसका लागला. वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि त्याच बैठकीत ठरवलं, की आता हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

नव्या वर्षाचे विषय मुलांनी निवडायचे, त्याआधी एका सकाळी सगळ्या शिक्षकांनी सभागृहात उभं राहून आपापल्या विषयाबद्दल थोडं थोडं बोलायचं, अशी कॉलेजची पद्धत होती. प्राचार्यांनी वहिनींना बोलावून घेतलं. बाई गोड बोलायच्या, हीच भीती.

"मॅडम, तुमचं शिकवणं मला फार आवडतं," त्या म्हणाल्या. "पण निम्मा वर्ग तरी भरायला हवा हो. नाहीतर मी बाकांना काय सांगू?"

वहिनी विचारात पडल्या. इतकी वर्षं त्यांनी व्याख्या दिल्या होत्या. कल्पनाशक्ती, निसर्ग, व्यक्तीची भावना, नियमांविरुद्ध बंड. मुलं लिहून घ्यायची, पाठ करायची आणि वहीबरोबर मिटून ठेवायची. व्याख्या डोक्यावरून जाते, चित्र निदान डोळ्यांत तरी शिरेल, असं त्यांना वाटलं. ज्या काळात ती कविता लिहिली गेली, त्याच काळात चित्रकारही कडे, वादळं आणि पडके बुरूज रंगवत सुटले होते. तसं एखादं चित्र समोर ठेवलं, तर अर्धं काम तेच करील.

त्यांनी शिक्षकांच्या खोलीतून दिराला फोन लावला. शेजारीच हिशेबाचे सर पेपर तपासत होते, म्हणून त्या दबक्या आवाजात बोलत होत्या, आणि गोंधळ तिथेच झाला.

"भाऊजी, तुमच्याकडे एखादं मोठं रोमँटिक चित्र आहे का हो?"

पलीकडची ठोकाठोक थांबली.

"रोमँटिक?" पावइंच म्हणाला.

"हो. शेवटच्या बाकावरूनही दिसेल असं."

"वहिनी, हे कोणाला दाखवायचंय?"

"मुलांना. उद्या सकाळी."

"मुलांना!"

"असं ओरडू नका. माळा हवाय ना?"

तास झाल्याची घंटा झाली आणि फोन बंद झाला. पावइंच हातातली खिळ्यांची डबी धरून तसाच उभा राहिला. चष्म्याला दोरी लावणाऱ्या, मालिकेत नायकाने नायिकेचा हात धरला की बातम्या लावणाऱ्या वहिनी! पण कॉलेज आहे, तरुण मुलं आहेत, हल्ली असंच गिऱ्हाईक ओढत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि दुकानात नजर फिरवली.

हंसांची एक जोडी होती, पण ती लहान. झोक्यावरचं एक जोडपं होतं, पण नायकाच्या नाकावर ओल आली होती. मग त्याला आठवलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं चित्र! दार जेवढं रुंद तेवढं रुंद, आणि कालच चौकट करून पाठ बंद केलेलं. बाई परगावी होत्या आणि उद्या संध्याकाळी न्यायला येणार होत्या. सकाळी दाखवायचं, दुपारी परत आणायचं. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

इथे पावइंचाची कामाची एक रीत सांगायला हवी. चित्र आणि चौकट यांच्यामध्ये जाड कागद बसवतात, मध्ये खिडकी कापलेला, त्याला माउंट म्हणतात. बाकीचे लोक चित्राच्या मापाने माउंट कापतात. पावइंच स्वतःच्या मताने कापायचा. चित्रात मोकळी जागा दिसली, की ती त्याला वाया गेलेली वाटायची. ज्याच्या घरात पट्ट्यांना जागा नाही, त्याला दुसऱ्याचं रिकामं आकाश सहन होत नाही, यात नवल ते काय? गिऱ्हाइकाच्या चित्राला कात्री लावणं मात्र त्याच्या तत्त्वात बसत नसे. तो ते नुसतं झाकायचा. माउंटची खिडकी लहान ठेवायची आणि तिच्यात नेमकी माणसं आणून बसवायची. "फुकटचं आकाश काय करायचंय? भिंतीवर माणसं दिसली पाहिजेत," असं तो गिऱ्हाइकाला पटवायचा.

डॉक्टरीणबाईंनाही त्याने असंच पटवलं होतं. माउंटचा रंगसुद्धा त्यानेच सुचवला होता. फिका गुलाबी, दवाखान्याला शोभेल असा हिरड्यांचा.

दुसऱ्या दिवशी तो चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन पोचला, तेव्हा वहिनींचा नंबर पुकारला गेला होता. चित्र आधी बघायला वेळच मिळाला नाही. त्याने ते रंगमंचावरच्या टेबलावर उभं केलं, पाव इंच डावीकडे सरकवलं आणि बाजूला झाला. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य, त्यांच्या शेजारी हिशेबाचे सर. सरांचं भाषण आधीच झालं होतं आणि त्यात नोकरी हा शब्द इतक्या वेळा आला होता, की मुलं सुखावून बसली होती.

"मी आज बोलणार कमी आणि दाखवणार जास्त," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चित्र बघा. बघितल्यावर पहिल्यांदा काय वाटतं, तेवढंच मला सांगा."

त्यांनी चादर ओढली.

गुलाबी लंबगोलात एक तरुण आणि एक तरुणी, एकमेकांना बिलगून. तिची ओढणी त्याच्या खांद्यावर. दोघांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या.

शेवटच्या बाकावरून एक लांबलचक शिट्टी आली. मग टाळ्या. मग आख्खं सभागृह खदखदलं. प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. वहिनींनी चित्राकडे पाहिलं, मग दिराकडे पाहिलं. पावइंच खुशीत होता. शेवटच्या बाकापर्यंत दिसलं होतं, सांगितलं तसंच.

"भाऊजी, हे काय?" वहिनी दातांवर दात ठेवून पुटपुटल्या.

"रोमँटिक," तो म्हणाला. "का? कमी पडतंय?"

हिशेबाचे सर खिडकीबद्दल विचार करत असावेत, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. पण वीस-बावीस वर्षं वर्गात उभं राहिलेलं माणूस असं सहज पडत नाही. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं. काय चाललंय या दोघांचं?"

"लाजलीय ती, मॅडम!"

"छे, भांडण झालंय! बघा ना, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत."

"तिचे वडील येतायत तिकडून!" हा शिट्टीवाला.

पुन्हा हशा. वहिनीही हसल्या, पण त्यांची नजर चित्रावर खिळली. त्या दोघांच्या नजरा गुलाबी कागदाच्या पलीकडे कुठेतरी लागलेल्या होत्या. ओढणीही खांद्यावर ठेवलेली नव्हती, ती फडफडत तिथे जाऊन आदळली होती. एवढा वारा येत होता कुठून? आणि दिराच्या हाताची सवय वहिनींना घरातल्या फोटोंवरून चांगली ठाऊक होती. त्यांच्या लग्नाच्या फोटोतला डोंगर त्यानेच नाहीसा केला होता.

"भाऊजी, या कागदाखाली अजून चित्र आहे ना?"

"आहे की," पावइंच म्हणाला. "पण काही नाही त्यात. आकाश नुसतं. फुकटचं."

"उघडा."

"वहिनी, गिऱ्हाइकाचं आहे!" तो जवळ येऊन कुजबुजला. "पाठ चिकटवलीय. संध्याकाळी न्यायला येणार आहेत बाई. मला दातांचं काम करून घ्यायचंय हो त्यांच्याकडून."

"माळा," वहिनी म्हणाल्या.

एका पारड्यात डॉक्टरीणबाई आणि त्यांची सुई, दुसऱ्यात माळा आणि धाकटीचं तोंड. पावइंचाने खिशातून पक्कड काढली.

त्याने चित्र टेबलावर पालथं घातलं. पाठीची पट्टी सोलली, खिळे एकेक करून उपसले आणि ओठांत धरले. सभागृह शांत झालं होतं. माणूस काहीतरी उघडत असला की जग थांबून बघतं. त्याने काच बाजूला ठेवली, माउंट उचलला आणि चित्र दोन्ही हातांनी उभं धरलं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत तो स्वतः त्याच्यामागे नाहीसा झाला.

शिट्टी आली नाही.

ते दोघं होते तिथेच होते, पण आता चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, वीतभर. एका कड्याच्या टोकावर उभे. खाली समुद्र उकळत होता आणि त्यात एका जहाजाची मोडकी डोलकाठी दिसत होती. वर, आणि वर, आणि त्याच्याही वर नुसते ढग, काळे, जांभळे. एका जागी ते फाटले होते आणि तिथून पिवळा उजेड असा कोसळत होता, की पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे बारीक केले. दोघं त्या उजेडाकडे बघत होते.

"लाजलेली मुलगी कुठे गेली?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तीच आहे, मॅडम," ती पुढची मुलगी म्हणाली. "लाजली नव्हतीच ती. वाऱ्याने पडेल म्हणून धरलंय त्याने."

"की तो पडेल म्हणून तिने," दुसरी म्हणाली.

"एवढीशी झाली पण," शिट्टीवाला म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता.

"मग वाईट वाटतंय का तिच्याबद्दल?"

"नाही." तो अडखळला. "उलट... म्हणजे मघाशी ती आपली कॅलेंडरवरची होती. आता तिच्या आत काय चाललं असेल, असं वाटतंय."

वहिनींनी टेबलावरचा गुलाबी माउंट उचलला. याच वाक्यासाठी त्यांनी किती वर्षं व्याख्या दिल्या होत्या, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

"तुम्ही ज्याला रोमँटिक म्हणता ना, ते एवढं," त्या माउंटच्या खिडकीतून हात घालून म्हणाल्या. "आणि कवी ज्याला म्हणतात, ते सगळं. याच्या आधीची पुष्कळ कविता या खिडकीसारखी होती. नेटकी, मापातली. माणूस मधोमध, शहाणा, केस विंचरलेला. वादळ आलंच तर पडद्यावर रंगवलेलं. त्यात वाईट काही नाही, खिडकी किती सफाईने कापलीय बघा. पण मग काही लोक आले आणि विचारायला लागले, की हे दोघं बघतायत तरी कुठे? आणि त्यांनी माउंट काढला. माणसाला परत वाऱ्यात उभं केलं. बाहेर केवढं आहे ते दाखवलं, आणि ते बघताना आत काय होतं, तेही त्याच रंगाने रंगवलं. बाहेरचं वादळ आणि आतलं वादळ, दोन्ही एकाच ब्रशने. चौकटीच्या मापाने नाही, स्वतःच्या ओढीने लिहायचं, म्हणून स्वच्छंद. स्वच्छ छंद नव्हे!"

गेल्या वर्षीची मुलगी दोन बाक सोडून बसली होती. तिने डोकं बाकावर टेकलं.

"पण मॅडम," शिट्टीवाला सावरला होता, "मी तिथे असतो तर सरळ घरी गेलो असतो."

"तू गेला असतास. कवी थांबतो. बाकी तुमच्यात फार फरक नाही."

हशा उसळला. तेवढ्यात हिशेबाचे सर उठले. खवचटपणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "मॅडम, एक शंका. माणसं तर आधीही दिसत होती. मग हे एवढं आकाश नसतं, तर नुकसान काय झालं असतं?"

"सर," वहिनी म्हणाल्या, "जिन्याखाली तुम्ही शिकवता. हे मी तुम्हाला सांगायचं?"

सगळ्यांत आधी सरच हसले. मग खाली बसले आणि चित्राकडे बघत राहिले. वहिनींनंतर कोणाचं भाषण झालं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"वहिनी," चित्रामागून आवाज आला, "खाली ठेवू का? हात भरून आले."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या, तेव्हा पावइंचाने पाठ पुन्हा चिकटवायला घेतली होती. माउंट वहिनींनी वर्गात दाखवायला म्हणून ठेवून घेतला होता. तेवढा मोठा कागद दुकानात दुसरा नव्हता. बाई चित्रासमोर थांबल्या.

"गुलाबी कुठे गेलं?"

पावइंचाची जीभ आपोआप अक्कलदाढेकडे गेली. "बाई, त्याचं असं झालं..."

"नाही, असंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही झाकायचं म्हणालात तेव्हाच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण तुम्ही इतकं बोलता, की मी हो म्हणून गेले. हे बाबांच्या दवाखान्यातलं. ते म्हणायचे, पेशंटला याच्यासमोर बसव. एवढं मोठं बघितलं की माणसाला आपला दात लहान वाटतो."

"तेच," पावइंच म्हणाला. "मी पण वहिनींना तेच सांगत होतो. आकाश पाहिजे."

आता हिशेब. मुलांनी पसंती कळवली. वर्ग निम्मा भरावा एवढीच प्राचार्यांची अट होती. तो भरला, भरून वाहिला, आणि खिडकीवाल्या खोलीत ती मुलं मावेनात. प्राचार्यांनी वहिनींना बोलावलं, गोड हसल्या आणि त्यांचा विषय थेट सभागृहात हलवला. खोली रिकामी झाली, ती हिशेबाच्या सरांना मिळाली. पडद्यांसकट. सर अधूनमधून बेरीज अर्धी सोडून खिडकीपाशी जातात आणि मुलं तेवढ्यात एकमेकांच्या वह्या बघून घेतात, असं ऐकतो. डॉक्टरीणबाईंना बाबांचं आकाश परत मिळालं. शिट्टीवाला वहिनींच्या तासाला पहिल्या बाकावर बसतो, शेजारी ती डोळे बारीक करणारी मुलगी असते. त्याचं कारण कविताच असेल, असं धरून चालू.

राहिली पुस्तकं. सभागृहात कपाट नाही.

"भाऊजी," वहिनींचा फोन आला, "विषय टिकला हो! तुमच्यामुळेच. आणि माळा जरा झाडून ठेवता का? शनिवारी पुस्तकं येतायत."

पावइंचाने ती स्वतः वर चढवली, थोरल्याच्या मदतीने, आणि शेवटचा गठ्ठा पाव इंच डावीकडे सरकवला. त्याचंही फार गेलं नाही. एक माउंट आणि थोडा घाम. शिवाय हल्ली तो चित्रांना आकाश ठेवतो, आणि ठेवलं की गिऱ्हाइकाला त्यावर भाषणही देतो. मोठ्या आकाशाला मोठी चौकट लागते आणि मोठ्या चौकटीला लांब पट्ट्या. त्या आता पलंगाखालून दीड हात बाहेर येतात.

तेव्हा वहिनींना विषय मिळाला, सरांना खिडकी मिळाली, बाईंना आकाश मिळालं, पावइंचाला बोलायला विषय मिळाला. या सगळ्याची भरपाई रोज सकाळी, डोळे पुरते उघडायच्या आत, धाकटीच्या पायाचा अंगठा करतो.